रोटाव्हेटर एकट्यानं जोडायचा असेल तर आधी तो नीट सोडायला शिका

गोडी छाटणीनंतरचे, म्हणजे द्राक्षाच्या फळांसाठीच्या छाटणीनंतरचे दिवस. सकाळी ब्लोअर लावून फवारणी, दुपारी ब्लोअर काढून माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, संध्याकाळी ढग भरून आले की परत ब्लोअर. द्राक्षबागेत मिनी ट्रॅक्टर वापरणाऱ्याला ही अदलाबदल चुकत नाही. ट्रॅक्टर चालवायला घरात सगळे तयार असतात, पण अवजार बदलायचं म्हटलं की एकेकाला अचानक कामं आठवतात.

माझ्याकडे 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि चार फुटी रोटाव्हेटर आहे. पहिली दोन वर्षं तो जोडायला तिघं लागायचे. एक सीटवर, एक पहारीवर आणि एक नुसता ओरडायला. त्या ओरडण्यातच एकदा माझं डाव्या हाताचं बोट खालच्या आर्मचा बॉल आणि पिन यांच्यामध्ये सापडलं. नख गेलं, ते यायला चार महिने लागले. आता मी एकटा दहा मिनिटांत रोटाव्हेटर जोडतो. ताकद वाढलेली नाही, उलट कंबर जास्त बोलते. बदल केला तो अवजार काढण्याच्या पद्धतीत. जोडताना होणारे निम्मे हाल आपण आदल्या दिवशी घाईत रोटाव्हेटर जिथं टाकून देतो तिथंच पेरलेले असतात, हे कळायला मला एक नख द्यावं लागलं.

अडतं नेमकं कुठे

अवजार ट्रॅक्टरला जोडणारं थ्री पॉइंट लिंकेज म्हणजे खालचे दोन आर्म आणि वरची टॉप लिंक. आर्मच्या टोकाला भोकाचा बॉल असतो, तो अवजाराच्या पिनेवर बसतो. ही रचना हॅरी फर्ग्युसनची. 1939 मध्ये अमेरिकेत फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ती आली आणि तिथून जगभर पसरली. आपण 'मॅसी' म्हणतो त्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. तीन बिंदू जुळले की ट्रॅक्टर आणि अवजार एक होतं. पण यातला एक जुळला की दुसरा दोन बोटं पुढे सरकतो, आणि दुसऱ्याकडे गेलात की पहिला निसटतो.

त्यातली एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. ट्रॅक्टरचं हायड्रोलिक आर्म वर उचलतं, खाली दाबत नाही. आर्म खाली येतात ते स्वतःच्या आणि अवजाराच्या वजनानं. म्हणून आर्मचा बॉल अवजाराच्या पिनेपेक्षा किंचित खाली असेल तर काम सोपं, वर राहिला तर झटापट. मागे घेताना आर्म नेहमी पिनेच्या दोन-तीन बोटं खाली ठेवायचे.

दुसरी अडचण मापाची. लिंकेजच्या कॅटेगरी ठरलेल्या आहेत. कॅटेगरी 1 मध्ये खालची पिन 22 मिमी, टॉप लिंकची 19 मिमी आणि खालच्या दोन जोडबिंदूंमधलं अंतर 683 मिमी. कॅटेगरी 2 मध्ये हेच 28 मिमी, 25 मिमी आणि 825 मिमी. काही अरुंद मिनी ट्रॅक्टरवर कॅटेगरी 1एन असते, तिथं अंतर फक्त 400 मिमी. मोठ्या ट्रॅक्टरचं जुनं अवजार स्वस्तात मिळालं म्हणून आणायचं आणि मग आर्म ताणून बसवायचे, हा उद्योग करू नका. पिन बारीक आणि बॉलचं भोक मोठं असेल तर मध्ये बसणारा लोखंडी बुश मिळतो, तो घाला. बुश नसेल तर प्रत्येक वळणावर ठकठक आवाज येतो आणि हंगामभरात भोक अंडाकृती होतं.

सोडताना

जागा पक्की हवी. मी शेडच्या कडेला सहा बाय पाच फुटांचा काँक्रीटचा ओटा जमिनीच्या पातळीला करून घेतला. ते शक्य नसेल तर निदान मुरूम टाकून चोपलेली सपाट जागा ठरवा आणि रोटाव्हेटर रोज तिथंच सोडा. बांधाजवळ, झाडाखाली, उतारावर सोडलेलं अवजार रात्रीतून एका बाजूला रुततं. सकाळी एक पिन वर, एक खाली आणि आपण पहार शोधत फिरतो.

ओट्यावर ट्रॅक्टर सरळ घ्यायचा, स्टिअरिंग सरळ असतानाच थांबायचं. पीटीओ, म्हणजे अवजाराला इंजिनाची ताकद देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, बंद करा. रोटाव्हेटर खाली आणण्याआधी दोन्ही बाजूंच्या स्किडखाली (जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्यांखाली) बाभळीचे दोन ओंडके सरकवा, पण लांबूनच, काठीनं. उचललेल्या अवजाराखाली हात घालायचा नाही, मग लिफ्ट कितीही नवी असो. ओंडक्यांची उंची एकदाच ठरवायची. लिव्हर पूर्ण खाली केल्यावर रिकाम्या आर्मचा बॉल जमिनीपासून किती वर राहतो ते मोजा आणि रोटाव्हेटरच्या पिना त्याच्या दोन-तीन बोटं वर येतील एवढे ओंडके कापून घ्या. माझ्या ओंडक्यांवर लाल रंगात 'रो' लिहिलंय, नाहीतर ते चुलीत जायचे. रोटाव्हेटरला पुढचा स्टँड असेल तर तोही खाली करा, कारण नुसत्या ब्लेडवर ठेवला की तो पुढे झुकतो आणि टॉप लिंकचं भोक दुसऱ्या दिवशी भलतीकडे तोंड करून बसतं.

रोटाव्हेटर टेकला की इंजिन बंद, किल्ली खिशात. काढायचा क्रम ठरलेला: पीटीओ शाफ्ट, मग टॉप लिंक, मग उजवा आर्म, शेवटी डावा. जोडताना बरोबर उलटा.

टॉप लिंकची पिन निघत नसेल तर हातोडा बाजूला ठेवा. पिन अडकली म्हणजे तिच्यावर ओढ आहे किंवा दाब आहे. टॉप लिंकच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, मधला भाग अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवून बघा. एका जागी ती सैल पडते आणि पिन दोन बोटांनी बाहेर येते. ही सैल जागा सापडली की तिथं थांबा, लांबी बदलू नका. मी त्या जागी दिसणारे आटे मोजून ठेवलेत. पुढच्या वेळी टॉप लिंक त्याच मापाची घेऊन आलं की तिसरा बिंदू जवळपास आपोआप जुळतो.

जाण्याआधी आणखी एक काम. पुढच्या चाकांपासून मागच्या टायरपर्यंत, दोन्ही बाजूंनी जमिनीवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारा. ओटा पक्का असेल तर ऑइलपेंटनं मारा, पावसात जाणार नाही. परत येताना दोन्ही टायर त्या रेघांवर आले की तुम्ही काल होतात तिथंच आहात.

मागे घेताना

आर्मच्या बाजूच्या चेक चेन आधी सैल करा. ताठ चेनीमुळे आर्म हलत नाही आणि मग आपण दोनशे-अडीचशे किलोचं अवजार हलवायला निघतो. पाच किलोचा आर्म हलवणं सोपं.

सीटवरून मागे वळून बघताना खालचे आर्म दिसत नाहीत, हेच सगळ्यांचं दुखणं. त्यावर माझा देशी उपाय असा. रोटाव्हेटरच्या वरच्या, टॉप लिंकच्या भोकात दोन फुटी काठी उभी खोचून तिला लाल चिंधी बांधतो. ट्रॅक्टरच्या टॉप लिंक ब्रॅकेटच्या मधोमध पांढरा ठिपका दिलाय. चिंधी आणि ठिपका एका रेषेत धरून सर्वांत हळू रिव्हर्स गिअरमध्ये यायचं. शेवटचे सहा फूट स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तिरकं आलंय असं वाटलं तर मागेच मागे सुधारत बसू नका, पंधरा फूट पुढे जा आणि नव्यानं या. त्यात वेळ वाचतो, हे मला पटायला फार दिवस लागले.

मदतीला कोणी असेल तर त्यानं मागच्या टायरच्या बाहेरच्या बाजूला, चालकाला दिसेल असं उभं राहायचं. आमच्याकडे काम करणारा पोरगा आधी मध्येच घुसायचा. "भाऊ, अजून दोन बोटं मागं, अजून दोन बोटं..." आणि क्लच सुटला की ती दोन बोटं दोन फूट होतात. आता नियम केलाय: ट्रॅक्टर चालू आहे तोवर ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मधल्या जागेत कोणीही नाही. घरचा असो, गडी असो, हौशी पाहुणा असो. आणि मध्ये उभं राहून हात लांब करून लिफ्टचा लिव्हर हलवणं तर नाहीच. मिनी ट्रॅक्टरवर तो मागून सहज हाताला येतो, म्हणूनच मोह होतो.

तीन बिंदू

ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. मगच खाली उतरायचं.

आधी डावा आर्म. त्याची उंची बहुतेक ट्रॅक्टरवर हातानं फिरवून बदलत नाही, म्हणून तो पहिला. बॉल हातानं फिरवून पिनेच्या रेषेत आणा. बोट भोकात घालून रेषा चाचपायची सवय असेल तर आजच सोडा, माझं नख तिथंच गेलं. बॉल पिनेवर सरकवून लॉक पिन लावा.

मग उजवा. याच्या वरच्या दांड्याला फिरवायचं हँडल असतं, ते फिरवलं की आर्म वर-खाली होतो. अंतर दोन बोटांचं असो की चार बोटांचं, उंचीचा प्रश्न इथंच सुटतो. झाल्यावर किती फेरे फिरवले ते लक्षात ठेवा, कारण नंतर रोटाव्हेटर दोन्ही बाजूंनी सारखा करताना ते परत फिरवायचे आहेत.

पुढे-मागे फरक राहिला तर पहार. चार फुटी पहारीचं टोक रोटाव्हेटरच्या फ्रेमखाली घाला आणि टोकापासून चार इंचांवर विटेचा किंवा लाकडाचा टेकू द्या. हाताकडची बाजू चव्वेचाळीस इंच, पलीकडची चार, म्हणजे तुमचा जोर अकरा पट. पंधरा किलोचा दाब दिलात तर टोकाला 165 किलो मिळतात, आणि आपल्याला एका वेळी एकच बाजू हलवायची असते. फ्रेमला पाठ लावून ढकलणाऱ्याची कंबर दिवाळीपर्यंत दुखते. फरक तीन इंचांहून जास्त असेल तर पहारही नको, परत सीटवर बसा.

नव्या अवजारात एक खोड असते. पिनांवर रंगाचा जाड थर असतो, बॉल त्यावर चढतच नाही आणि आपल्याला वाटतं माप चुकलं. पॉलिश पेपरनं रंग काढा, बोटभर ग्रीस लावा. वर्षभर वापरलेल्या पिनांवर कडेला धार आलेली असते, ती कानशीनं घासा.

तिसरी टॉप लिंक. मोजून ठेवलेल्या आट्यांवर असेल तर पिन थेट जाते, नाहीतर फिरवत जुळवा. टॉप लिंक आखूड केली की रोटाव्हेटर पुढे झुकतो, लांब केली की मागे. काम करताना रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ एकमेकांना समांतर राहायला हवेत, बाजूनं उभं राहून नजरेनं कळतं.

लॉक पिनेच्या जागी खिळा वाकवून किंवा तार पिळून लावलेली मी स्वतः चालवलेली आहे, म्हणून सांगतो. खिळा काडीकचऱ्यात अडकून सरळ होतो, पिन बाहेर येते आणि एका आर्मवर लटकलेला रोटाव्हेटर टायरवर येतो. सीटखालच्या डब्यात चार-पाच जादा लॉक पिना टाकून ठेवा.

पीटीओ शाफ्ट

खरी चिडचिड इथं होते. सहा खाचांचा, 35 मिमीचा शाफ्ट, वर ग्रीसनं माखलेला. एका हातानं वजन पेलायचं, दुसऱ्यानं बटण दाबायचं आणि खाचा जुळवायच्या.

दोरीनं शाफ्टचं मधलं वजन टॉप लिंकला बांधून टाका, दोन्ही हात मोकळे होतात. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर ट्रॅक्टरकडचा शाफ्ट हातानं थोडा फिरतो, खाच जुळत नसेल तर तो फिरवा. बसला की मागे जोरात ओढून बघा. 'टक्' आवाज आला म्हणजे लॉक बसलं असं नाही, ओढूनही आलं नाही म्हणजे बसलं. ते दाबायचं बटण मातीनं अडकतं. डिझेलनं धुऊन थोडं ऑइल सोडलं की चालतं.

आत-बाहेर सरकणारे दोन्ही पाइप महिन्यातून एकदा वेगळे करून पुसा आणि ग्रीस लावा. सुकलेला शाफ्ट आखूड होत नाही, म्हणून तो जोडता येत नाही, आणि आपण शिव्या घालतो ट्रॅक्टरला. परत घालताना दोन्ही आतल्या काट्यांचे कान एका रेषेत आले पाहिजेत. चौकोनी पाइप चुकीच्या बाजूनंही आत जातो. मग रोटाव्हेटर थरथरतो आणि क्रॉस, म्हणजे काट्यांमधले सांधे, लवकर जातात. मेकॅनिकनं क्रॉस बदलून दिल्यावरही हे स्वतः बघा, आमचा एकदा उलटाच जोडून आला होता.

लांबी तपासायची ती इंजिन चालू करून, पण पीटीओ बंद ठेवून, सीटवर बसून, लिफ्ट हळूहळू वर घेत. पूर्ण आखूड झाल्यावरही पाइपांत दीड-दोन इंच मोकळी जागा उरली पाहिजे. पूर्ण लांब झाल्यावर किमान एक तृतीयांश लांबी एकमेकांत राहिली पाहिजे. शाफ्ट मागच्या हुकाच्या पट्टीला घासत असेल तर पट्टी काढून ठेवा. आणि जिथून पुढे शाफ्ट खडखडेल असं वाटतं, त्याच्या आधीच लिफ्टच्या लिव्हरचा स्टॉपर लावा.

540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरणं, साडीचा पदर, ओढणी, रेनकोटची नाडी, काहीही त्यात गेलं तर सोडवायला वेळ नसतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर 'अडतं' म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत. ते फाटलं असेल तर नवं घ्या.

उचलल्यावर पुढचं वजन

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट 750 किलोची असते. पण ते वजन आर्मच्या टोकावर धरलेलं असतं. अवजाराचा भार त्यामागे असतो, म्हणून प्रत्यक्षात कमीच उचललं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढची चाकं हलकी होतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या अॅक्सलवर राहावा, असा सर्वसाधारण नियम आहे. हिशोब सोपा आहे. 900 किलोचा ट्रॅक्टर धरू, त्यातले 360 पुढच्या चाकांवर. अडीचशे किलोचा रोटाव्हेटर, त्याच्या भाराचा मध्य मागच्या अॅक्सलपासून 1.2 मीटर मागे, दोन अॅक्सलमधलं अंतर 1.5 मीटर. 250 गुणिले 1.2 भागिले 1.5, म्हणजे 200 किलो पुढून कमी झाले. उरले 160, पाहिजेत 180. पुढच्या बंपरवर, अॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे, 40 किलोचं वजन लावलं तर त्याचा परिणाम पन्नासच्या वर होतो, कारण तेही तरफेसारखं काम करतं. बांध चढताना स्टिअरिंग हलकं लागत असेल तर हेच कारण.

ब्लोअरचं तर साधं आहे: टाकी रिकामी असतानाच जोडा. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो. भरून ठेवलेला ब्लोअर जोडणाऱ्याला घाई असते, एवढंच मी म्हणेन.

चाकांची गाडी आणि क्विक हिच

काँक्रीटचा ओटा असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलची एक बुटकी चौकट करून घ्या आणि खाली चार फिरती चाकं लावा, त्यातल्या दोन चाकांना ब्रेक. रोटाव्हेटर कायम त्या गाडीवर सोडायचा. जोडताना ट्रॅक्टर अंदाजे आणा आणि अवजारच चार बोटं इकडे-तिकडे हलवा. चाकं घेताना प्रत्येकावर 150 किलोचा भार लिहिलेला बघून घ्या, बाजारातली टेबलाची चाकं एका हंगामात बसतात. मातीवर ही गाडी निरुपयोगी आहे, चाकं रुततात.

क्विक हिच म्हणजे ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंना कायमची लावलेली फ्रेम. खाली दोन आणि वर एक हुक. मागे येऊन लिफ्ट उचलली की अवजार अडकतं, शाफ्ट तेवढा हातानं लावावा लागतो. मोठ्या ट्रॅक्टरवर, रोज चार अवजारं बदलणाऱ्याला ती सोन्यासारखी. मिनी ट्रॅक्टरवर घ्यायच्या आधी विचार करा. तिचं स्वतःचं वजन लिफ्टवर पडतं आणि अवजार तीन-चार इंच मागे जातं. म्हणजे वरचा पुढच्या चाकांचा हिशोब आणखी बिघडतो आणि शाफ्टची लांबीही परत तपासावी लागते. शिवाय तुमच्या सगळ्या अवजारांच्या पिना तिच्या हुकांच्या मापात असायला हव्यात, त्या सहसा नसतात. मी घेतली नाही. ओटा, ओंडके आणि फक्कीच्या रेघेवर माझं भागतं.

जोडून झाल्यावर चेक चेन पुन्हा आवळा, रोटाव्हेटर बाजूला दोन बोटंच हलेल एवढ्या. ओट्यावर जरासा उचलून मागून बघा, दोन्ही टोकांच्या ब्लेड जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का, नसतील तर उजव्या आर्मचं हँडल. पहिल्या दोन ओळी झाल्या की उतरून (किल्ली खिशात) दोन्ही लॉक पिना आणि शाफ्टचं बटण बघा.

आणि हे सगळे आकडे शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर आहे: 'रोटाव्हेटर, टॉप लिंक 11 आटे, उजवं हँडल 6 फेरे, ओंडके रो. ब्लोअर, टॉप लिंक 8 आटे, ओंडके नकोत.' धाकटा भाऊ पुण्याहून आला की ते वाचून एकटा जोडतो, मला हाक मारत नाही.